कट्ट्यावरचा गूळ

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना, केर्लीच्या अलीकडे, आमचं गुऱ्हाळ आहे. गुऱ्हाळाच्या दारात रस्त्याला लागून काळ्या दगडाचा एक कट्टा आहे. माझ्या आजेसासूबाई या कट्ट्यावर काकवीची घागर घेऊन बसायच्या. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गाड्याच्या गाड्या याच रस्त्यानं जायच्या, माणसं भाकरी सोडायची आणि भाकरीवर काकवी घ्यायची. पुढं सासूबाईंनी घागर आत ठेवली आणि कट्ट्यावर भाजी मांडली. वांगी, मेथी, पोकळा, ओल्या शेंगा, पावसाळ्यात मक्याची कणसं. त्यांना आम्ही सगळे आत्ती म्हणतो आणि सासऱ्यांना मामा.

गंमत अशी, की गुऱ्हाळाच्या दारातल्या या कट्ट्यावर गूळ कधीच विकला जात नव्हता. गूळ पुरुषांचा. तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ट्रॉलीत भरायचे, मार्केट यार्डात अडत्याकडं न्यायचे, सौदा व्हायचा, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची. कट्ट्यावरची चिल्लर बायकांची आणि पट्टीचा पैसा घराचा, अशी वाटणी. २०१० साली मी लग्न होऊन आले तेव्हा आत्तींनी मला कट्टा दाखवला. चुलवाणाकडं, म्हणजे गुळाच्या भट्टीकडं, जायचं नाही, असं कुणी बोललं नाही, पण जायची वेळही कधी आली नाही. माझं माहेर शिवाजी पेठेतलं. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, जवळून बघितलेली नव्हती, गूळ फक्त दुकानातून आणलेला.

कोल्हापूर आणि गूळ हे नातं काय आहे ते मला मामांनी सांगितलं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. मामांचे आजोबा तिथं बैलगाडीनं ढेपा घेऊन जायचे, रात्री निघून पहाटे पोचायचे. मामांच्या बोलण्यात या आजोबांचा गूळ नेहमी 'सोन्यासारखा' असायचा. सोन्यासारखा म्हणजे चवीला कसा, हे मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "चवीचं कोण बगतंय? रंग, रंग!"

आणि ते खरंच होतं. सौद्यात खरेदीदार येतो, फोडलेल्या रव्याची कणी बघतो, रंग बघतो आणि पुढच्या रव्याकडं जातो. आपला बहुतेक गूळ गुजरातला जातो, तिथं तो शीतगृहात राहतो आणि गिऱ्हाइकाला पिवळाधमक लागतो. पिवळ्याला वरचा भाव, तांबूस मधला, काळा सगळ्यात खाली. मग काहिलीमागच्या फळीवर एक डबा आला. हायड्रॉसचा. पांढरी पावडर, नाकात जाणारा वास. रस उकळताना टाकली की काळपट रस बघता बघता उजळतो. जादूच. ही जादू दोन-तीन महिन्यांत उतरते, गूळ परत काळवंडतो, पण तोवर रवा आपल्या दारातून गेलेला असतो. हा डबा आमच्याकडंही होता, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचताना आम्ही कुणी जन्मतः शुद्ध आहोत असा समज नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी पंचावन्नच्या वर गेलं. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की आमच्याकडचा रस्ता बंद होतो हे दरवर्षीचंच, पण त्या वर्षी नदीकाठचा सगळा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. शेंडे कुजले, कांड्यांना मुळ्या फुटल्या, पेरात गाळ बसला. उरलेला ऊस आम्ही दिवाळीनंतर गाळला. गूळ झाला तो चिकट आणि काळा. डब्यातली पावडर नेहमीपेक्षा जास्त टाकली तरी रंग हलेना. यार्डात त्या रव्यांकडं कुणी वळून बघितलं नाही. अडत्या भला माणूस होता, म्हणाला, "परत न्या, पाडून मागत्यात, बरं दिसत न्हाई." ट्रॉली तशीच परत आली.

त्याच संध्याकाळी आत्तींनी एक रवा फोडून कट्ट्यावर मांडला. वांग्यांच्या शेजारी. कुणाला विचारलं नाही. पन्हाळ्याहून उतरणाऱ्या गाड्या थांबत होत्या भाजीसाठी, आत्ती प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवत होत्या. पुराच्या उसाचा, पावडर टाकलेला, चवीला किंचित खारट गूळ. तोही आठ दिवसांत संपला. मला तेव्हा आनंद झाला नाही, भीती वाटली. आपण नेमकं काय विकतोय हे आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही. सौद्यात गिऱ्हाईक दिसत नसतं. कट्ट्यावर ते समोर उभं असतं, कडेवर पोर घेऊन.

मी एक तुकडा प्रयोगशाळेत दिला. पावडरीमुळं गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो, आणि तो ७० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत सत्तर भागांच्या, वर चालत नाही. आमचा आकडा वर होता. किती वर ते लिहीत नाही, लाज वाटते.

मग मार्च २०२० आला, सगळं बंद झालं. कट्ट्यावरून नंबर घेऊन गेलेले लोक फोन करू लागले, गूळ आहे का म्हणून. त्या उन्हाळ्यात घरात एकच वाद होता, पुढचा हंगाम पावडरीशिवाय करायचा का. माझा नवरा तयार होता. आत्ती तयार होत्या. मामा म्हणाले, "करा. पण काळा गूळ माझ्या नावानं यार्डात जायचा न्हाई."

खरा घोळ गुळव्यानं घातला. गुळव्या म्हणजे काहिलीपाशी उभा राहून गूळ शिजवणारा; आमच्याकडं बावीस वर्षं एकच गुळव्या होता, हाताला विलक्षण गुण. काहिलीतल्या बुडबुड्याचा आवाज ऐकून जाळ कमी-जास्त करायला सांगायचा. त्याला पावडर नको म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग मी कशाला? काळा गूळ निघाला तर लोक म्हणणार, ह्याचा हात गेला." तो रागावला नव्हता. त्याचंही एक नाव होतं, ते रंगावर उभं होतं. दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला. दुसरा मिळेना. शेवटी काहिलीपाशी नवरा आणि मी उभे राहिलो, आणि कडेला खुर्ची टाकून मामा.

मामांनी आयुष्यभर गुऱ्हाळ चालवलं होतं, पण ते मालक म्हणून. माहिती सगळी, हात मात्र गुळव्याचा. त्यात त्यांना दोन-तीन वर्षांपासून अंधुक दिसायला लागलं होतं. डॉक्टरकडं चला म्हटलं की "हंगाम संपू दे" म्हणायचे.

आता प्रत्यक्ष काम सांगते. आमच्या एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, टनाच्या वर ऊस लागतो आणि चार रव्यांच्या आसपास गूळ पडतो. ऊस तोडल्यापासून जितक्या लवकर घाण्यात जाईल तितकं बरं. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही. रस हौदात निवळतो, मग काहिलीत. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. तापत आला की वर काळी मळी जमते. ही पहिली मळी रसाला उकळी फुटायच्या आत काढावी लागते. एकदा उकळी फुटली की ती आत मिसळते आणि मग कितीही झटलात तरी गूळ गढूळ. गुळव्या असताना ही मळी अर्धीमुर्धीच निघायची, कारण पुढं पावडर होतीच. आता आमचा सगळा जोर तिथं. त्यानंतर रानभेंडीचा चिकट रस टाकायचा. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी निघतं, त्यात उरलेली घाण धरली जाते आणि फेसाबरोबर वर येते. चुन्याची निवळी थोडी, रसाचा आंबटपणा मारायला. चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो, कमी झाला की मऊ राहतो. किती, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण प्रत्येक प्लॉटचा रस वेगळा असतो.

पुढं रस आटतो, फेस काठापर्यंत येतो, तेव्हा शेंगतेलाचे थेंब टाकले की खाली बसतो. शेवटची वीस मिनिटं अवघड. रंग दर मिनिटाला बदलतो, बुडबुडे मोठे होतात, मंद फुटतात. साधारण ११८ अंशाला काहील उतरायची, असं मी कोल्हापुरातल्या ऊस आणि गूळ संशोधन केंद्राच्या माहितीपत्रकात वाचलं होतं. मी लांब दांड्याचा थर्मामीटर विकत आणला. मामा त्याच्याकडं बघून नुसते हसले.

पहिलं आदण. थर्मामीटरवर ११८ दिसलं, मी ओरडले, काहील उतरली, वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, ओतली. फावडीनं हलवली, थांबलो, परत हलवली. अर्धा तास झाला, तास झाला. वाफ्यात लापशी. ना काकवी ना गूळ. थर्मामीटरचं टोक काहिलीच्या बुडाला टेकलं होतं, मी पत्र्याचं तापमान वाचत होते. ते अख्खं आदण पुढं महिनाभर म्हशींच्या आंबवणात गेलं. म्हशी खूश होत्या.

दुसऱ्या वेळी भीतीपोटी जास्त शिजवला, तळाला लागला, जळका वास. तिसऱ्या वेळी मामा खुर्चीतून उठले. ताटलीत गार पाणी मागितलं, काहिलीतला पाक त्यात सोडायला लावला, बोटांनी त्याची गोळी केली आणि ती काहिलीच्या काठावर आपटली. 'टण्' झालं. "उतरा." डोळे बारीक करून, मान वळवून, कानानं बघितल्यासारखं. थर्मामीटर मी आजही वापरते, पण टण् झाल्याशिवाय काहील उतरत नाही.

तिसरा गूळ बसला. रंग तांबूस तपकिरी, चहात दूध कमी पडल्यावर होतो तसा. मी खडा तोंडात टाकला आणि पहिल्यांदा कळलं की गुळाला शेवटी एक किंचित खारट-भाजका स्वाद असतो, जो पिवळ्या गुळात मला कधी लागलाच नव्हता. मामांनी खडा हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "बरा पिवळा आलाय की." आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही.

कागदपत्रांचा भाग भराभर सांगते, कारण तो लोक समजतात तितका भयंकर नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी आम्ही केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरायची. फी वर्षाला १०० रुपये, फॉर्म ऑनलाइन. वजनकाट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का. पुठ्ठ्याचे एक किलोचे बॉक्स. बॉक्सवर काय छापायचं यावरून मात्र चार दिवस भांडण. नणंदेनं 'सेंद्रिय गूळ' सुचवलं. मी नाही म्हटलं. उसाला युरिया पडतो, लागणीला पडतो, नाही पडला तर टनेज येत नाही. आम्ही एवढंच करतो की युरिया उशिरा टाकत नाही, कारण उशिरा टाकला की रस बिघडतो. त्याला सेंद्रिय म्हणणं म्हणजे दुसरा डबा. शेवटी छापलं, 'बिनपावडरचा गूळ'. 'लोहयुक्त', 'औषधी' वगैरे काही नाही. गूळ गोड असतो आणि गोडासाठी खातात.

आता कट्टा. पहिल्या हंगामात गाडी थांबायची, काच खाली व्हायची, "गूळ काळा आहे हो" आणि काच वर. दिवसाला दहा वेळा. एका बाईंनी तर मला समजावलं, की कोल्हापूरचा खरा गूळ पिवळा असतो, तुम्ही बाहेरून आणलेला दिसतोय. माझ्या मागं धुराडं चालू होतं! मला राग यायचा, मी समजवायला लागायची, हायड्रॉस, सल्फर, सत्तर पीपीएम. लोक घाईनं निघून जायचे. कुणाला भाजी घ्यायला थांबल्यावर रसायनशास्त्र नको असतं.

आत्तींनी दोन आठवडे बघितलं आणि मला कट्ट्यावरून उठवलं. "तू लई बोलतीस. हितं बस आन् बग." त्यांची पद्धत अशी. माणूस वांगी निवडत असतो, त्याचे दोन्ही हात गुंतलेले. आत्ती खडा थेट पोराच्या हातावर ठेवतात. पोर रंग बघत नाही. ते खातं आणि परत हात पुढं करतं. मग आई चाखते. मग आत्ती विचारतात, "घरी च्याला टाकशीला का? दूध आदी उतरून घ्या, मग गूळ, न्हाईतर फाटंल." म्हणजे विकत घेतल्यात जमा. ही युक्ती त्यांनी काकवीच्या घागरीपाशी बसून त्यांच्या सासूकडून उचललेली. मला वाटत होतं आम्ही नवीन काहीतरी करतोय.

रविवारी, जोतिबाचा वार असल्यानं, सगळ्यात जास्त विक्री. पिवळाच हवा म्हणणारे अजूनही येतात. पुढच्या गावात मिळेल असं सांगतो आणि वांगी देतो. चार जुनी घरं, आत्तींची भाजीची गिऱ्हाइकं, गुळासाठी कायमची तुटली, कारण दिवाळीत चिरोट्याच्या पाकाला काळा रंग आला. ते बरोबरच आहे त्यांचं. आम्ही तेवढं आधी सांगायला हवं होतं. आता पुरणपोळीला घेणाऱ्याला सांगतो की पुरण तपकिरी होईल.

टिकण्याचा धडा पावसानं दिला. पहिल्या जूनमध्ये बॉक्स ओले झाले. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पाझरायला लागतो, मग पुठ्ठा फाटतो आणि मुंग्यांची वारी निघते. सव्वाशे बॉक्स बदलून दिले. आता पाऊस सुरू होण्याआधी जेवढा विकेल तेवढाच कट्ट्यावर, बाकीचा घट्ट झाकणाच्या डब्यांत माळ्यावर. माळ्याचा दुसराही उपयोग झाला. २०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षाही वर चढलं. या वेळी शेड बुडाली, घाण्याची मोटर गेली, गूळ वाचला. त्या पुरानंतर गुळासाठीचा ऊस आम्ही माळाच्या रानात नेला, को ९२००५ जात लावली. नदीकाठचा ऊस कारखान्याला जातो. माळावर उतारा कमी, पण रस स्वच्छ आणि काळजी कमी.

हिशेब विचाराल तर, वर्षाच्या गुळातला निम्म्याहून थोडा जास्त आता कट्ट्यावर आणि फोनवर जातो. उरलेला यार्डातच, तपकिरी म्हणून जो भाव मिळेल त्या भावाला. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला मामा अजूनही पांढरा फेटा बांधून जातात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्यांना कोण अभिमान. पण आमचा एकही रवा त्यांनी त्या दिवशी मांडू दिलेला नाही. रिकाम्या हातानं जातात, भाव ऐकतात, ओळखीच्यांना राम राम करतात, परत येतात. पट्टीचा पैसा घराचा आणि कट्ट्याचा बायकांचा ही वाटणी मात्र बदलली. कशी बदलली ते आमच्या घरात कुणी उघड बोलत नाही. वही माझ्याकडं असते.

गेल्या हंगामाआधी मामांनी शेवटी ऐकलं. मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टर म्हणाले, यांना इतकी वर्षं सगळं पिवळट दिसत असणार. एका डोळ्याचं झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. हिरवा चष्मा, थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही. पट्टी निघून दहा-बारा दिवस झाले आणि एका सकाळी मामा काठी टेकत कट्ट्यावर आले. कट्ट्यावर त्या वर्षीचं पहिलं आदण मांडलेलं होतं. त्यांनी किलोची एक ढेप दोन्ही हातांनी उचलली, उजेडात फिरवली, खाली ठेवली. दुसरी उचलली.

"आयला," ते म्हणाले, "एवढा काळा इकतोय आपण? चार वर्सं?"

आत्ती वांगी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला हुता, बरा पिवळा आलाय."

मामा जरा वेळ उभे राहिले. मग आत्तींच्या शेजारी कट्ट्यावर बसले, पुढ्यातला एक खडा तोंडात टाकला आणि गाडी थांबली तसं म्हणाले, "ह्यांस्नी वांगी दावा आदी."